क्रॉसिंगच्या आधीचं फूल

मला न विचारता मला दान करून टाकायची आमच्या केदाररावांना जुनी खोड आहे. कॉलनीच्या गणपतीत निबंध तपासायला मी, त्यांच्या साहेबांच्या लेकीचा विज्ञानाचा प्रकल्प करून द्यायला मी, शेजारच्या आजोबांच्या रक्ततपासणीचा कागद वाचून सांगायलाही मीच. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी ते ऑफिसातून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "अगं, राजूरच्या प्लॉटवर एक बाई आहे, नंदाबाई. तिला दहावीचं विज्ञान शिकायचंय. मी सांगून टाकलं, आमच्या मॅडम शिकवतील."

"राजूरला? शाळा सुटल्यावर रोज राजूरला जाऊ मी?"

"जायचं कशाला? फोनवर. व्हॉट्सॲपवर."

मी तेव्हा भाकरी थापत होते. हात पिठात होते म्हणून ते वाचले.

माझं आणि फोनवरच्या शिकवण्याचं वाकडं का, ते आधी सांगते. नवीन जालन्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवते. शिकवताना मी मुलींचे डोळे बघते. कुणाला कळलं, कुणी नुसती मान हलवली, ते डोळ्यांत लगेच दिसतं. कोरोनाच्या वर्षात मला चाळीस काळ्या चौकोनांना शिकवायला लावलं. एकदा तर मी वीस मिनिटं माइक बंद ठेवून विद्युतधारा शिकवली आणि एकीनेही सांगितलं नाही. त्या दिवसापासून फोनवर शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं माझं ठाम मत झालं होतं.

पण केदारराव बियाण्यांच्या कंपनीत मुरलेले. समोरच्याला काय विकलं जाईल हे त्यांना बरोबर कळतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत नंदाबाईंची सगळी हकीकत सांगितली.

राजूरच्या आसपास शेतकऱ्यांच्या शेडनेटमध्ये कंपनी टोमॅटोचं संकरित बियाणं तयार करून घेते. त्यासाठी बायका एकेक फूल हाताने क्रॉस करतात. आज संध्याकाळी कळीतला नर काढायचा, उद्या सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. नंदाबाई हे काम चौदा वर्षं करत होत्या आणि त्यांच्यासारखा हात साऱ्या तालुक्यात नव्हता. गेली पाच वर्षं तर प्लॉटची देखरेखही त्याच करत होत्या. पण सुपरवायझर म्हणून रजिस्टरवर सही करायची तर दहावी पास पाहिजे. त्यामुळे दर हंगामात कुणीतरी सर्टिफिकेटवाला नवा माणूस यायचा, नर कसा काढायचा ते नंदाबाईंकडून शिकायचा आणि संध्याकाळी रजिस्टरवर स्वतःची सही ठोकायचा. येत्या जूनला ती जागा पुन्हा रिकामी होणार होती. नंदाबाई गेल्या मार्चमध्ये बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या. सगळे विषय सुटले, एक राहिला.

"इंग्रजी?" मी विचारलं.

"इंग्रजी सुटलं. गणितही सुटलं. विज्ञान राहिलं, सहा मार्कांनी."

माझा हात परातीतच थांबला. जी बाई रोज शेकडो फुलांचं परागण स्वतःच्या बोटांनी करते, ती विज्ञानात नापास? हा नंदाबाईंचा अपमान होता की नाही माहीत नाही, पण माझ्या विषयाचा नक्कीच होता.

"द्या माझा नंबर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर एक लाल टोमॅटोचं चित्र उगवलं. खाली नाव होतं, 'राजूर क्रॉसिंग'. मला वाटलं, या नंदाबाई. लोक स्वतःच्या नावाऐवजी काहीही लावतात. आमच्या शाळेच्या शिपायाने 'राजे' लावलंय. मी स्वयंपाकघरात उभी राहून श्वसनावर पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड केला. शेवटी सवयीने म्हणाले, "समजलं का? नसेल समजलं तर..." वर्गात मी पुढे म्हणते, 'हात वर करा'. इथे कुणाचा हात आणि कुठला वर? म्हणून म्हणाले, "तर परत ऐका."

मग वहीचा फोटो मागवला. फोटो आला आणि माझं डोकं फिरलं. मी बटण दाबून सुनावलं, "नंदाबाई, हे काय अक्षर आहे? शाईत पाय बुडवून मुंग्या पळाल्यासारखं! तपासणाऱ्याने काय भिंग घेऊन बसायचं?"

उत्तर आलं ते दुसऱ्याच बाईकडून. "मॅडम, नंदाताईला बोलू नका. दिवसभर चिमटा धरून बोटं आखडतेत तिची. तुम्ही धरून बघा एक दिवस."

"आपण कोण?"

"मी सत्यशीला. चौथ्या सरीत असते."

तेव्हा मला उलगडा झाला. तो नंदाबाईंचा नंबर नव्हताच. उद्या कुठल्या शेडनेटवर यायचं, कोण येणार नाही, डबा कुणाचा राहिला, हे सांगायला प्लॉटवरच्या बायकांनी काढलेला तो ग्रुप होता. त्यात एकतीस जणी होत्या आणि सगळ्यांसमोर मी एका मोठ्या बाईच्या अक्षराचे वाभाडे काढले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताबडतोब लिहिलं, मला यातून काढा, वेगळं काहीतरी करू.

मग पहिल्यांदा नंदाबाई स्वतः बोलल्या. संथ, जरा खरखरीत आवाज. मागे बायकांचं हसणं आणि जाळीवर वाऱ्याची फडफड.

"मॅडम, वेगळं कशाला करता? आमचे दोन्ही हात कामात असतेत. पुस्तक धरायला तिसरा हात न्हाई. पण कान रिकामेच असतेत ना. मी मोबाईल गळ्यात अडकवून तुमचं बोलणं लावून दिलं, समद्या आयकून राह्यल्या. आन अक्षराचं म्हणता ते बराबर हाय. आजपासून रोज एक पान लिहिते. मला बाकी काय नको मॅडम. काम माझं आन सही दुसऱ्याची, आसं पाच वर्सं बघून राह्यले. एकदा तिथं माझी सही पायजे."

मग कसली बाहेर पडतेय मी? राहिले ग्रुपमध्ये.

आणि खरं सांगते, मजा यायला लागली. सकाळी शाळेला निघण्याआधी मी पाच-सात मिनिटं बोलायचे. तिकडे शेडनेटमध्ये माझा आवाज सरीसरीतून फिरायचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रश्न यायचे, आणि कसले प्रश्न! माझ्या वर्गातल्या मुली 'हे परीक्षेला येईल का' एवढंच विचारतात. या बायका विचारायच्या, पीठ आंबवल्यावर फुगतं ते श्वसनच का? मग आपण पळाल्यावर पोटऱ्या दुखतात ते पण आंबणंच का? सत्यशीलाबाईंनी तर विचारलं, "मॅडम, झाडं रात्री श्वास घेतेत तर घोरतेत का?" त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी एकटीच हसत होते आणि बाकीचे माझ्याकडे काळजीने बघत होते.

मला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. वर्गात बोललेलं हवेत विरून जातं, फोनमधलं तिथेच राहतं. एके दुपारी नंदाबाईंचा निरोप आला. "मॅडम, राग मानू नका. सोमवारी तुम्ही म्हणल्या, एका ग्लुकोजपासून एटीपीचे अडतीस रेणू. आज म्हणल्या छत्तीस. मी दोन्ही परत परत आयकलं. बराबर कोणतं?"

पुस्तकात अडतीस. सत्तावीस वर्षांत माझी चूक कुणी पकडली नव्हती. कशी पकडणार, माझ्या मुलींनी मला परत परत कधी ऐकलंच नव्हतं. नंदाबाई ऐकत होत्या. मी चूक कबूल केली तर एकतीस जणींनी अंगठे पाठवले. केदारराव म्हणाले, "घरात कबूल केलीस तर मीही पाठवीन." ते ग्रुपमध्ये नव्हते, पण ऐकत दारात उभे होते.

डिसेंबरात मी चाचणी घेतली. पुनरुत्पादनाचा धडा झाला होता. प्रश्न सोपा होता. फुलाची नीटनेटकी आकृती काढा, भागांना नावे द्या. मला वाटलं, हा तर प्रसादाचा प्रश्न. यात नंदाबाई पैकीच्या पैकी घेणार.

फोटो आला. मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. कागदाच्या मधोमध एक देठ, देठावर एक छोटा गोळा आणि गोळ्यावर एक काडी. बुडाशी हिरवी पानं, तीही तीनच. दोन जागा मोकळ्या. पाकळ्या नाहीत, पुंकेसर नाहीत. अक्षर मात्र आता मोत्यासारखं झालं होतं, आणि त्या अक्षरात अंडाशय, कुक्षिवृंत, कुक्षी अशी बिनचूक नावं. त्या एवढ्याशा खिळ्याला.

मी चिडले. दोन महिने घसा कोरडा केला तो यासाठी? "शून्य मार्क! नंदाबाई, पाकळ्या कुठे गेल्या? पुंकेसर कुठे आहेत? निदलं पाच असतात, तुम्ही तीनच काढली. हे फूल आहे?"

नंदाबाईंचा आवाज आला, गोंधळलेला. "मॅडम, फूल आसंच तर असतंय."

"कुठे असतं असं?"

"आमच्या प्लॉटवर."

मग एकतीसच्या एकतीस जणी माझ्यावर तुटून पडल्या. मॅडम, नर तर संध्याकाळीच काढला, तो कुठून येणार? पाकळ्या नरासंगंच निघून येतेत. आन निदलं पाचच असतेत, पण पराग लावला की दोन कातरायची असतेत, मंग पुढं फळ लागल्यावर वळखू येतंय की हे क्रॉस केलेलं हाय. ज्याची पाचही शाबूत ते सेल्फ, आपलंआपण लागलेलं, ते तोडून टाकायचं. सत्यशीलाबाईंनी शेवटी ठणकावलं, "नंदाताईनं एक नंबर फूल काढलं मॅडम. तुम्ही मागता ते फूल आम्ही नापास करतो."

मी खुर्चीत बसले. चौदा वर्षं या बाईच्या हाताखालून जे फूल गेलं, ते तिने काढलं होतं. अगदी जसंच्या तसं. मग माझ्या मनात एक शंका आली.

"नंदाबाई, गेल्या मार्चच्या पेपरात फुलाची आकृती होती का?"

"होती ना."

"काय काढलंत?"

"हेच." त्या म्हणाल्या. "तेवढं एकच पान मी पुस्तकात उघडून बघितलं न्हाई मॅडम. म्हणलं, बाकीचं पाठ करावं, फूल तर आपल्याला येतंयच."

सहा मार्क. मला रडूच आलं. लपवायचं काय त्यात? आणि रडता रडता माझ्या लक्षात आलं की सत्तावीस वर्षं मी फळ्यावर तेच जास्वंदीचं फूल काढतेय, पुस्तकातलं, तसंच्या तसं. टोमॅटोचं फूल मी हातात धरून उघडून कधी पाहिलंच नव्हतं. जालन्यासारख्या बियाण्यांच्या गावात राहून, बियाण्यांच्या कंपनीतल्या माणसाशी संसार करून, मी नर काढलेलं फूल ओळखू शकले नाही आणि वर शून्य देऊन मोकळी झाले.

मी ग्रुपवर म्हणाले, "शून्य परत घेते. नंदाबाई, तुम्ही मला हे काम व्हिडिओ काढून दाखवता का? मला नाही, माझ्या वर्गाला."

दुसऱ्या दिवशी दोन व्हिडिओ आले, एक संध्याकाळचा, एक सकाळचा. सत्यशीलाबाईंनी मोबाईल धरलेला आणि मध्ये नंदाबाईंची बोटं. चिमट्याच्या एका झटक्यात पिवळा नर पाकळ्यांसकट बाहेर आला आणि आतली हिरवी काडी जागची हलली नाही. सकाळी बोटातल्या अंगठीवर परागाची बारकी वाटी, त्यात कुक्षी अलगद बुडवली, आणि दोन निदलं कचकच कातरली. हात थांबले आणि नंदाबाईंनी सुरात विचारलं, "समजलं का? नसंल समजलं तर परत आयका." मागे बायका फिदीफिदी हसल्या.

मी ते दोन्ही व्हिडिओ दहावीच्या वर्गात पडद्यावर लावले. चाळीस मुली, एक चुळबूळ नाही. संपल्यावर अर्पिता नावाची माझी एक चौकस विद्यार्थिनी उभी राहिली. "मॅडम, या मॅडम कोणत्या शाळेत आहेत?"

"त्या तुमच्याच वर्गात आहेत," मी म्हणाले. "यंदा तुमच्याबरोबर परीक्षेला बसतायत."

मग प्रश्नांचा पूरच आला. अर्पिताला जाणून घ्यायचं होतं की संकरित टोमॅटोचं बी काढून परत लावलं तर तसाच टोमॅटो का येत नाही. मला पुस्तकी उत्तर येत होतं, पण मी तिचा प्रश्न तिच्याच आवाजात ग्रुपवर टाकला. तासाभरात नंदाबाईंचं उत्तर आलं. "बाळा, पहिल्या खेपंला आई-बापाचं बराबर निम्मं निम्मं येतंय, म्हणून समदी फळं एकसारखी. पुढच्या खेपंला वाटण्या होतेत. कोणी आजीवर जातंय, कोणी काकावर. घरात न्हाई का बघत?" मुली हसल्या आणि आनुवंशिकता त्या दिवशी जी त्यांच्या डोक्यात शिरली ती कायमची. बदल्यात अर्पिताने अख्ख्या फुलाची आकृती चार टप्प्यांत काढून नंदाबाईंना पाठवली. पाच निदलं, पाच पाकळ्या, मग पुंकेसर, मग मधली काडी. खाली लिहिलं होतं, 'नंदामॅडमसाठी'.

जानेवारीतल्या एका रविवारी मी केदाररावांच्या मोटारसायकलवर बसून राजूरला गेले. ज्या बाईला तीन महिने शिकवलं तिला पहिल्यांदा बघितलं. बारीक चणीची, पन्नाशीला टेकलेली, गळ्यात दोरीने अडकवलेला मोबाईल. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी माझ्या हातात चिमटा दिला. "आता तुमची चाचणी. पाच फुलं."

एकतीस जणी काम सोडून गोळा झाल्या. पहिल्या कळीत नराबरोबर मादीही उपटली गेली. "गेली!" सत्यशीलाबाई ओरडल्या. दुसरीचा देठ मोडला. नंदाबाई पाठीशी उभ्या राहून सांगत होत्या, "जल्दी करू नका मॅडम. कडेनं धरा. हां, बिलकुल आसंच." कशाबशा तीन कळ्या उरल्या, त्यांना लाल दोरा बांधला आणि सकाळी पराग लावायचं काम नंदाबाईंवर सोपवलं. दहा दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. एका फुलाला वाटाण्याएवढं फळ धरलेलं, बाकी दोन गळलेली. खाली धरलेल्या कागदावर नंदाबाईंच्या सुरेख अक्षरात, 'मॅडमचा निकाल : पाचपैकी एक. वीस टक्के. नापास. पुढच्या हंगामात परत बसावे.'

तो फोटो केदाररावांनी त्यांच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला. मला अजून त्यावरून चिडवतात.

मार्चमध्ये परीक्षा झाली. विज्ञानाचा दुसरा पेपर सुटल्या सुटल्या नंदाबाईंचा आवाज आला, धाप लागलेला, आनंदाने भरलेला. "मॅडम, फूल आल्तं! समदं काढलं. पाच निदलं, पाच पाकळ्या, नर, मादी, समदी नावं. अर्पिता बाळानं शिकवलं तसं."

मी स्टाफरूममध्ये टाळी वाजवली.

"आन खाली कंसात लिहिलं, 'हे फूल क्रॉसिंगच्या आधीचे आहे'."

माझी टाळी तिथेच थांबली. "काय? कशाला?"

"मला खोटं वाटाया लागलं मॅडम. कोणी बघितलं तर म्हणंल, चौदा वर्सं काम करून ह्या बाईनं नर तसाच ठिवला, निदलंबी कातरली न्हाईत. काम आर्धं टाकून परीक्षेला पळून आली."

मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं कळेना. घरी आल्यावर केदारराव म्हणाले, "एका कंसासाठी मार्क कापतात का कुणी?"

"कापतात. अनावश्यक मजकूर म्हणून कापतात. मी स्वतः कापले असते. गेल्या वर्षीपर्यंत."

पुढचे दोन महिने माझा जीव त्या कंसात अडकून पडला. पेपर कुणाच्या हाती गेला असेल? माझ्यासारख्या एखाद्या खडूस बाईच्या? तिने बाकीची उत्तरंही घाईत तपासली असली तर? गेल्या वेळी सहाच मार्क कमी पडले होते. कंपनीची सुपरवायझरांची यादी मेअखेर ठरणार होती. नंदाबाईंना मी काही बोलले नाही, पण त्याही गप्प झाल्या होत्या. ग्रुपवर नुसतेच सुप्रभातचे गुलाब येत होते, आणि त्या गुलाबांनाही पुंकेसर दिसत नव्हते.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता साईट उघडणार होती. नंदाबाईंच्या गावात सकाळपासून नेटवर्क धड नव्हतं. आवाजाचे निरोप तेवढे कसेबसे जात-येत होते. म्हणून त्यांनी बैठक क्रमांक मला पाठवून ठेवला होता. एकतीस जणी नंदाबाईंच्या अंगणात एका मोबाईलभोवती बसल्या होत्या, असं सत्यशीलाबाईंनी कळवलं. इकडे मी, केदारराव आणि मिनिटाला गोल गोल फिरणारी ती साईट. आमच्या शाळेचा निकालही त्याच दिवशी, त्याच वेळी होता. तो मी नंतर पाहिला. मुख्याध्यापकांना हे सांगू नका.

एक वाजून सतरा मिनिटांनी पान उघडलं. मी ते एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं, मग केदाररावांना वाचायला लावलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा घेऊन आले.

टाइप करायला गेले तर अक्षरं दिसेनात. म्हणून बटण दाबलं आणि नेहमीच्या वर्गातल्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. आवाज काही नेहमीचा निघाला नाही.

"नंदाबाई. विज्ञान आणि तंत्रज्ञान. शंभरपैकी एकाहत्तर. उत्तीर्ण. कंसासकट उत्तीर्ण. जूनपासून रजिस्टरवर तुमची सही. समजलं का?" मला एक हुंदका आला, तोही रेकॉर्ड झाला. "नसेल समजलं तर परत ऐका."

पाच मिनिटं मी फोनकडे बघत बसले. मग तिकडून आवाज आला. मागे इतका गोंगाट की आधी काही कळेना. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, सत्यशीलाबाई कुणाला तरी गप्प बसायला ओरडत होत्या. त्या सगळ्यातून तो संथ, खरखरीत आवाज.

"पहिल्याच बारीला समजलं मॅडम. तरीबी चारदा आयकलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा, आजून एकदा आयकते."